बे एके बे

प्राचार्यांनी यादी मागितली आणि मी ती मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता करून टाकली. नववीच्या वार्षिक परीक्षेचे गुण समोर होते. पन्नासच्या आत ज्यांचे गुण, त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने ‘बे’ लिहीत गेले. बेसिकचा ‘बे’. बेचाळीस मुलांच्या वर्गात तेरा ‘बे’ झाले. शेवटची पोळी संपायच्या आत काम संपलं होतं.

ही २०१९ च्या एप्रिलमधली गोष्ट. नाशिकच्या एका सीबीएसई शाळेत मी दहावीला गणित शिकवते. आमच्या बस एकीकडून सातपूरच्या एमआयडीसीतली मुलं आणतात, दुसरीकडून गंगापूर रोडची, आणि एक बस पार दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतून येते. त्यामुळे एकाच बाकावर डॉक्टरांचा मुलगा आणि सीएनसी मशिनवर काम करणाऱ्याचा मुलगा बसलेले असतात. शिकवायला असा वर्ग मला आवडतो. त्या वर्षी मात्र त्याच वर्गाचे दोन भाग करायचं काम माझ्याकडे आलं.

सीबीएसईचं परिपत्रक जानेवारीतच आलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये दहावी देणाऱ्यांसाठी गणिताचे दोन पेपर असणार होते. एक ‘स्टँडर्ड’, विषय क्रमांक ०४१. दुसरा ‘बेसिक’, क्रमांक २४१. पाठ्यपुस्तक एकच, धडे तेच, वर्ग एकच, शाळेकडचे २० गुणही तसेच. फरक फक्त बोर्डाच्या ८० गुणांच्या पेपरात. ज्याला पुढे गणित घ्यायचं नाही त्याने बेसिक द्यावं. बेसिक देऊन पास झालेल्याचं मन बदललं, तर त्याने कंपार्टमेंटच्या, म्हणजे निकालानंतरच्या फेरपरीक्षेच्या, वेळी स्टँडर्डचा पेपर द्यावा आणि मग अकरावीला गणित घ्यावं. स्टँडर्डमध्ये नापास झालेला कंपार्टमेंटला दोन्हींपैकी कुठलाही पेपर देऊ शकतो, बेसिकमध्ये नापास झालेला मात्र फक्त बेसिकच.

कागदावर हे मला चांगलं वाटलं होतं, अजूनही वाटतं. पंचवीस वर्षांत मी गणिताच्या भीतीने पोट दुखणारी मुलं पाहिलीत, परीक्षेच्या सकाळी खरोखर उलट्या करणारी. त्यांना पुढे इतिहास शिकायचाय, हॉटेल चालवायचंय, त्यांच्या मानेवर समरूपतेची प्रमेयं कशाला? राज्य मंडळातही काही वर्षं बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेता यायचं. तो पर्याय बंद झाला तेव्हा तिकडच्या मैत्रिणी हळहळल्या होत्या.

पण प्राचार्यांना यादी हवी होती ती मुलांच्या पोटदुखीसाठी नव्हे. त्यांनी सरळ सांगितलं, “मॅडम, गणितात एकही नापास नको यंदा. कच्चे सगळे बेसिकला टाका.” टाका, हाच शब्द. मीही टाकले.

ती यादी माझ्या हजेरीपटात होती. एका मुलाला स्टाफरूममधून हजेरीपट आणायला पाठवलं. तो जिन्यात थांबून वाचत आला असणार, कारण दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेलं होतं: ‘बे एके बे’. मला आधी कळलंच नाही. दुसरीचा पाढा दहावीच्या फळ्यावर कुणी लिहिला, म्हणून मी हसत पुसला. तिसऱ्या बाकावर एक मुलगी मान खाली घालून बसली होती, ती का हे आठवड्याने कळलं. तोवर तेरा जणांची नावं पडून गेली होती. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, हजेरीच्या क्रमाने. बे तेरे सव्वीसपर्यंत.

माझी पेन्सिल, माझं अक्षर. कुणाला रागावणार?

मी स्वतः मराठी शाळेत, तुकड्यांच्या काळात शिकले. आठवीत गुणांवर अ, ब, क, ड पडायच्या आणि ड तुकडीला अख्खं गाव ढ तुकडी म्हणायचं. मी ब मध्ये होते. शंभर गुणांचं संपूर्ण संस्कृत अ तुकडीलाच मिळायचं, आम्हाला पन्नास गुणांचं संस्कृत आणि पन्नास गुणांचं हिंदी, म्हणजे संयुक्त. मला संपूर्ण हवं होतं. कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. हे सगळं ठाऊक असूनही डबा खाता खाता मी तेच केलं, हे मला नंतर फार लागलं.

जुलैत पालकसभा झाली. मी दोन्ही नमुना प्रश्नपत्रिका छापून नेल्या होत्या, नियमांचा तक्ता नेला होता. तक्त्याकडे कुणी पाहिलं नाही. पहिला प्रश्न सातपूरच्या एका वडिलांचा, पहिल्या पाळीहून तसेच आलेले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

“मॅडम, बेसिक म्हणजे नापासांचं का?”

मी म्हणाले, तसं काही नाही, गुणपत्रिकेवर गुण गुणच असतात, शंभरपैकी शंभरही मिळू शकतात.

“पण लिहिलेलं असतं ना बेसिक?”

असतं, म्हणाले. खोटं कसं सांगणार?

“मग तेच तर. आमच्याकडं आयटीआयवाला आणि डिप्लोमावाला एकाच मशिनवर असतात, मॅडम. काम एकच करतात. पट्टीचा रंग वेगळा.” त्यांनी गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी बोटाने उचलून दाखवली. त्यांचा मुलगा माझ्या यादीत चौथा होता, बे चोक आठ. “पोरगं स्टँडर्डलाच बसेल. पडला तर पडला.”

दुसरं एक जोडपं सभेत बोललं नाही, नंतर येऊन भेटलं. दोघंही डॉक्टर. त्यांच्या मुलाला नववीत ८८ होते. “त्याला मेडिकलला जायचंय, नीटला गणित नसतंच,” आई म्हणाल्या. “बेसिक घेतलं तर शंभरच्या जवळ पडतील ना? टक्केवारी वर जाईल. नियमात बसतंय ना, मॅडम?”

बसत होतं. ज्याला पुढे गणित नको त्याच्यासाठीच हा पेपर, आणि त्याला नको होतं. अकरावीच्या प्रवेशाची गुणवत्ता यादी लावताना बेसिकचे ९८ आणि स्टँडर्डचे ९८ सारखेच मोजले जाणार होते. त्या माउलीने परिपत्रक माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं. मला उगाच चिडायला झालं, नंतर वाटलं, चिडायचं कशाला? वाट सगळ्यांसाठी उघडी ठेवली की ज्यांना रस्ते वाचता येतात तेच आधी पोहोचतात, त्यात त्यांचा काय दोष!

तिसरं घर जास्त आठवतं. दिंडोरी बसने येणारी मुलगी, नववीत ७६. माझ्या यादीत नव्हतीच. अर्ज घरी पाठवले तसा तिचाही गेला. दोन चौकोन, एकात टिक करायची, खाली पालकांची सही. तिचा अर्ज आला बेसिकवर टिक होऊन. मी तिला बोलावलं. ती म्हणाली, “मॅडम, पप्पा म्हणाले, तुला कॉमर्सच करायचंय, उगाच डोक्याला ताप कशाला.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हणणार?”

वडिलांना फोन केला. अतिशय नम्र माणूस, बागेत फवारणी चालली होती, मागे पंपाचा आवाज. “तुम्ही म्हणाल तसं, मॅडम. पण तिचा भाऊ बारावी सायन्सला आहे, दोन-दोन क्लासची फी होत नाही. कॉमर्सला क्लास लागत नाही ना तेवढा?” इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं. गणिताची पातळी निवडण्याचा हा अर्ज होता, पण त्या घरात तो फीचा अर्ज म्हणून भरला गेला होता. मी “बरं, विचार करा” म्हणून फोन ठेवला. अजून एकदा फोन करायला हवा होता. केला नाही. ऑगस्टात युनिट टेस्ट होत्या, आणि खरं सांगायचं तर विसरले.

मग परीक्षार्थींची यादी बोर्डाला भरायची वेळ आली, शाळेत सगळे तिला एलओसी म्हणतात. संगणकावर मुलाचं नाव, पुढे विषयांचे क्रमांक. ०४१ की २४१, एकदा भरलं की भरलं. ऑफिसमधले क्लार्क भाऊसाहेब माझ्याशेजारी बसून एकेक नाव वाचत होते आणि मी क्रमांक सांगत होते. माझ्या एप्रिलच्या यादीतले तेरा आणि शेवटी २४१ भरलेले अठरा. त्यात तेरापैकी फक्त आठ होते. पाच जणांनी हट्टाने स्टँडर्ड घेतलं होतं आणि माझ्या यादीबाहेरच्या दहा जणांनी बेसिक. म्हणजे माझा अंदाज अर्ध्याहून जास्त चुकला होता. प्राचार्यांना ती आकडेवारी आवडली नाही, मला बरी वाटली.

शिकवण्याचं काय झालं ते सांगते, कारण परिपत्रकात त्याबद्दल एकच ओळ होती की वर्गात सगळ्यांना एकच शिकवायचं. सप्टेंबरपर्यंत तसंच चाललं. एलओसी भरल्यानंतर एका सोमवारी वर्गसमीकरणाचं शाब्दिक उदाहरण फळ्यावर घेतलं, नावेचं, प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या. मागून आवाज आला, “मॅडम, हे आमच्यात आहे का?”

आमच्यात! एका आठवड्यात वर्गात आमचं आणि तुमचं झालं होतं. मी म्हणाले, अभ्यासक्रमात आहे. “पण आमच्या पेपरात एवढं अवघड येईल का?” बहुधा नाही, म्हणाले. अठरा वह्या मिटल्या. आवाज न करता, एकामागून एक. दिंडोरीच्या मुलीचीही.

त्यानंतरचा महिना फार वाईट गेला. अवघड उदाहरण निघालं की अठरा जणं खिडकीबाहेर बघायची, सोपं निघालं की उरलेली चोवीस. मी फळ्याच्या मध्ये रेघ मारून दोन बाजूंना दोन पातळ्यांची उदाहरणं लिहून पाहिली. त्याने आणखी वाटोळं झालं. मुलं रेघेच्या पलीकडे बघतही नव्हती. डॉक्टरांचा मुलगा तेवढा दोन्हीकडची सोडवायचा, आणि त्याच्यामुळे ‘बे एके बे’ म्हणणं जरा थंडावलं. कारण आता वर्गातला तिसरा हुशार मुलगाही बेमध्ये होता. त्याला मुलं ‘बे दाहे वीस’ म्हणायची, आदराने. त्याच्या आईचे आभार मानावेत की काय, असं क्षणभर वाटून गेलं.

वाट सापडली ती उंची आणि अंतराच्या धड्यात, आणि तीही माझ्या हुशारीने नव्हे. उदाहरण नेहमीचंच. सात मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून समोरच्या मनोऱ्याचं टोक ६० अंशांच्या उन्नत कोनात दिसतं, पायथा ४५ अंशांच्या अवनत कोनात. मनोरा किती उंच? मी आकृती काढली, ४५ अंशांचा त्रिकोण भरला, म्हणजे इमारतीपासून मनोऱ्याचं अंतरही सातच मीटर, आणि तेवढ्यात घंटा झाली. पुढचा तास दुसऱ्या दिवशी. सकाळी येऊन पाहते तर मागच्या बाकावरच्या एका बे-वाल्याने वहीत तेवढंच उदाहरण पूर्ण म्हणून सोडवून चौकट केली होती. त्याला वाटलं होतं की प्रश्न तेवढाच होता.

आणि बेसिकच्या पेपरात तो तेवढाच असू शकला असता! एक त्रिकोण, एक कोन, एक बाजू. स्टँडर्डचा प्रश्न म्हणजे अशा दोन प्रश्नांचे मजले. त्याच्यावर ६० अंशांचा त्रिकोण ठेवायचा, टॅन ६० म्हणजे √३, गच्चीच्या वर ७√३, खालचे सात मिळवले की ७(√३ + १). मी त्या दिवसापासून रेघ पुसली. प्रत्येक अवघड उदाहरणाचा खालचा मजला आधी घ्यायचा, तिथे थांबायचं, सगळ्यांना आपापल्या वहीत चौकट करू द्यायची. मग म्हणायचं, आता ज्यांना वर यायचंय त्यांनी या. काही जण खालीच थांबायचे. काही बे-वाले कंटाळा येऊन वर यायचे, कारण नुसतं बसून तरी काय करणार? सगळी प्रकरणं अशी सुटी होत नाहीत. भूमितीच्या सिद्धतांना खालचा मजला नसतोच, त्यात मी सपशेल हरले. पण महत्त्वमापन, संख्याशास्त्र, अंकगणिती श्रेढी एवढं तरी सुटलं.

प्री-बोर्डला गोंधळ झाला तोही सांगायलाच हवा. दोन रंगांच्या कागदांवर पेपर छापा, असं मी सुचवलं होतं. झेरॉक्सचा खर्च म्हणून दोन्ही पांढरेच निघाले. पर्यवेक्षक हिंदीचे सर होते, त्यांनी गठ्ठा घेतला आणि वाटत सुटले. स्टँडर्डच्या एका मुलाला बेसिकचा पेपर गेला. तोच तो, ज्याचे वडील पट्टीचा रंग सांगत होते. त्याने वरचा क्रमांक पाहिला नाही. दीड तासात पेपर संपवला, उरलेला वेळ छताकडे बघत हसत बसला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “मॅडम, गणित आलं मला!” मी पेपर तपासले तेव्हा कळलं. ८० पैकी ६९ होते. त्याला बोलावून सांगावं लागलं. तोंड बघवेना. “मग हे गुण धरणार नाही का?” तो म्हणाला. नाही. दोन दिवसांनी त्याला एकट्याला बसवून स्टँडर्डचा घेतला, त्यात ३४ पडले.

मी त्याच्या वडिलांना फोन करून दोन्ही आकडे सांगितले. एलओसी कधीच भरून झाली होती, बदलता येणार नव्हतं, मग फोन का केला ते मलाही सांगता येणार नाही. पलीकडे बराच वेळ मशिनचा आवाज होता. मग ते म्हणाले, “एकोणसत्तर म्हणजे त्याला येतंय ना, मॅडम.” हा अर्थ मला सुचला नव्हता.

बोर्डाचा पेपर १२ मार्च २०२० ला झाला. चाळीस प्रश्न, तीन तास. केंद्राबाहेर पालक आपसात कुजबुजत होते, पण गणितावर नाही, पुण्यात सापडलेल्या रुग्णांवर. त्यानंतर आठवडाभरात बोर्डाने उरलेल्या परीक्षा पुढे ढकलल्या आणि मग सगळंच बंद झालं. त्या मुलांना निरोप द्यायचा राहिला.

निकाल १५ जुलैला लागला. सर्व्हर अडकत होता, मी रात्री दहापर्यंत एकेक क्रमांक टाकत होते. गणितात नापास कुणी नाही. प्राचार्यांचा फोन आला, खुशीत होते. डॉक्टरांच्या मुलाला बेसिकमध्ये ९८. दिंडोरीच्या मुलीला बेसिकमध्ये ९३. पट्टीवाल्यांच्या मुलाला स्टँडर्डमध्ये ५२. तो पॉलिटेक्निकला गेला. तिथे प्रवेश दहावीच्या टक्केवारीवर होतो. बेसिक घेतलं असतं तर पंधरा-वीस गुण जास्त पडून त्याला हवं ते कॉलेज मिळालं असतं, मिळालं ते दुसऱ्या पसंतीचं. त्याचे वडील बरोबर होते की मी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. त्यांना विचारलं तर ते क्षणात सांगतील.

निकालानंतर दोन आठवड्यांनी, २९ जुलैला, नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झालं. लॉकडाउनमध्ये वेळच वेळ होता, मी ते वाचून काढलं. बोर्डाच्या परीक्षांच्या भागात म्हटलं आहे की गणितापासून सुरुवात करून सगळेच विषय दोन पातळ्यांवर देता येतील. आणि त्या पातळ्यांची नावं आहेत स्टँडर्ड आणि हायर. मी ते वाक्य तीनदा वाचलं. म्हणजे जे सगळ्यांसाठी आहे ते स्टँडर्ड, आणि ज्याला जास्त हवंय त्याच्यासाठी वरचं. आमच्याकडे तेच दोन मजले, पण सगळ्यांचा मजला वर ढकलून खाली एक तळघर काढलेलं. पेपर तेच ठेवून नावं एक पायरी सरकवली असती, तर पट्टीवाल्या वडिलांचा सभेतला प्रश्नच आला नसता. माझ्या पेन्सिलीने ‘बे’ लिहिलं नसतं, आणि ‘हा’ लिहिलं असतं तर मुलांना त्याचा पाढा करता आला नसता.

ऑगस्टच्या सुरुवातीला दिंडोरीहून फोन. या वेळी वडील नव्हते, ती स्वतः होती. “मॅडम, मला आर्किटेक्चर करायचंय.” लॉकडाउनमध्ये घराचं बांधकाम अर्ध्यावर थांबलं होतं, गवंडी गावी गेला होता. तिने उरलेल्या जिन्याचं माप काढून पायऱ्यांची आकृती करून दिली आणि गवंडी परतल्यावर तिच्याप्रमाणे जिना झाला म्हणे. आता आर्किटेक्चरला बारावीला गणित लागतं. तिच्याकडे बेसिक.

नियम मला पाठ होता: कंपार्टमेंटला स्टँडर्ड द्यायचं. पण त्या परीक्षेची तारीख लागेना. मी तिला म्हणाले, तयारी सुरू करू. रोज रात्री आठला फोनवर, ती आकृतीचे फोटो पाठवायची. नेटवर्कसाठी टेकाडावर जावं लागायचं, मग वडील बॅटरी घेऊन सोबत. आठवडा-दहा दिवस झाले असतील, तर बोर्डाची सूचना आली की त्या वर्षापुरतं बेसिकवाल्यांनाही थेट अकरावीला गणित घेता येईल. पुढे ही सवलत आणखी वर्षं मिळत गेली. मी आनंदाने फोन केला. ती म्हणाली, “मग परीक्षा नाही का?” आवाजात सुटका होती आणि थोडी निराशाही.

आमच्याच शाळेत अकरावीला आली, ऑनलाइन. गणित पुन्हा माझ्याकडे. इथे मला वाटलं होतं की ९३ वाली मुलगी आहे, जाईल सहज. नाही गेली. त्रिकोणमितीत ती अडकली आणि वाईट अडकली. तिला सूत्रं येत होती, पण दोन सूत्रं एकत्र वापरायची सवयच नव्हती. तिने आख्खी दहावी ‘आमच्यात आहे का’ विचारत, वही मिटून काढली होती. पहिल्या चाचणीत २५ पैकी ९. मला त्या महिन्याभरातल्या मिटलेल्या अठरा वह्या दिसायला लागल्या. पहिलं अख्खं सत्र तिने दहावीचं पुस्तक परत केलं, यावेळी वरच्या मजल्यासकट. बारावीला ७१ पडले. आर्किटेक्चर मिळालं, नाशिकमध्येच. परवा शाळेत आली होती, शाळेच्या नव्या जिन्याला नावं ठेवून गेली. पायरी जास्त उंच आहे म्हणाली. आहेच.

आता आम्ही अर्ज वेगळ्या तऱ्हेने घेतो. मी यादी करत नाही. प्राचार्य बदलले, नव्यांना मी पहिल्याच वर्षी सांगितलं की अंदाज अर्धा चुकतो, माझ्याकडे पुरावा आहे. जुलैत मुलं दोन्ही पातळ्यांचे जुने पेपर वर्गात सोडवतात, रंगीत कागदावर, आणि मग आधी स्वतः पेन्सिलीने टिक करतात. घरी अर्ज त्यानंतर जातो, त्यामुळे घरच्यांना ती टिक खोडावी लागते. खोडतात काही जण. पण खोडलेली दिसते, आणि मग मला फोन करायला कारण मिळतं. हा फोन मी आता विसरत नाही. फीची गोष्ट निघाली की शनिवारी शाळेत जादा तास घेते, मोफत. त्यावर एक-दोन क्लासवाल्यांनी तोंडं वाकडी केली. करू देत.

बे एके बे अजून आहे. मुलं दरवर्षी नव्याने शोधून काढतात, मी न लिहिताही. बेसिक या शब्दातच तो आहे.

यंदाच्या सभेला पहिला प्रश्न सिन्नरच्या कारखान्यात असणाऱ्या एका वडिलांचा होता. तोच. “मॅडम, बेसिक म्हणजे कच्च्यांचं का?” मी काही बोलले नाही. दोन्ही पेपर त्यांच्या हातात दिले आणि म्हणाले, तुम्हीच बघा, गणितं मराठीत सांगते हवी तर. त्यांनी चष्मा काढून पुसला, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग दोन्हींच्या नीट घड्या घालून वरच्या खिशात ठेवल्या.

“आज रात्रपाळी आहे,” ते म्हणाले. “तिकडं निवांत वाचतो.”